गाडी नंबर आणा

२०२४ च्या जानेवारीचे पहिले दोन दिवस आठवा जरा. ट्रक-टँकरवाल्यांचा संप, पेट्रोल संपणार अशी हवा झाली, आणि लोक बाटल्या, कॅन, हाताला लागेल ते घेऊन पंपावर. मी पण होतो, खोटं कशाला बोलू, पाऊण तास उभं राहून दोनशेचं टाकून आलो. भांडण होतं नवीन न्याय संहितेतल्या कलम १०६ च्या पोटकलम २ वरून, म्हणजे कुणाचा जीव घेऊन, पोलिसांना न कळवता पळून गेलेल्या ड्रायव्हरला १० वर्षांपर्यंत कैद. रांगेत प्रत्येकाला मत होतं. एक म्हणायचा थांबला तर पब्लिक मारून टाकतंय ड्रायव्हरला, दुसरा म्हणायचा पळणाऱ्याला फाशीच पाहिजे बे. सरकारनं शेवटी ते पोटकलम बाजूला ठेवलं, १ जुलै २०२४ ला बाकी संहिता लागू झाली, तेवढं सोडून.

सगळी चर्चा पळून गेलेल्यावर. जो तिथंच पडून राहिला त्याचं पुढं काय होतं हे त्या रांगेत कुणी विचारलं नाही, मी पण नाही.

आणि त्यानंतर दहा-बारा दिवसांत, १२ जानेवारी २०२४ ला, नेमका त्या पडून राहिलेल्या माणसाबद्दल सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. कोइमतूरच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये केलेल्या याचिकेत. आमच्याकडं तेव्हा सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वजांचे दिवस, सगळं गाव तिकडं. त्या धामधुमीत ही बातमी सोलापुरात कुणी वाचली असेल तर त्याला माझा नमस्कार. मला तरी ती जवळजवळ वर्षभरानं कळली, ती पण दुकानात आलेल्या एका बाईच्या कागदांमुळं.

माझं पूर्व भागात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, लाडकी बहीणची केवायसी, दिवसभर हेच. तर २०२४ च्या दिवाळीनंतर एक विडी वळणाऱ्या अक्का आल्या, नवरा टॉवेलच्या कारखान्यात मागावर. रात्रपाळी करून पहाटे सायकलवरून घरी येताना अक्कलकोट रोडला मागून कुणीतरी उडवलं. टेम्पो होता की उसाचा ट्रॅक्टर होता त्याला माहीत नाही, मागून उजेड आला एवढंच आठवतंय म्हणाला, त्यानंतर डोळे उघडले ते दवाखान्यात. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड. अक्कांना बचत गटाच्या कर्जासाठी डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स पाहिजे होती, त्या गठ्ठ्यात एफआयआर पण होती आणि माझी वाईट खोड, काचेवर ठेवायच्या आधी कागद वाचतोच मी. नेहमीची भाषा, "अज्ञात वाहनावरील अज्ञात चालकाने हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून" वगैरे वगैरे आणि शेवटी "अपघाताची खबर न देता पळून गेला". कलम १२५ ब लावलेलं.

मी विचारलं, भरपाईचा अर्ज केला का? त्या म्हणाल्या, "कुणाकडं मागायचं अण्णा, गाडीच घावली नाही तर."

आता हे वाक्य मी नुसतं त्यांचं धरत नाही, ते सगळ्या गावाचं आहे. गाडी सापडली तर क्लेम, नाही सापडली तर नशीब. वकिलाकडं गेलं तरी गाडी नंबर नाही म्हटल्यावर तो मान हलवतो, कारण विमा कंपनीच नाही तर केस कुणावर करणार. पण कायद्यात तसं नाहीये. मोटार वाहन कायद्याचं कलम १६१ खास अशाच अपघातांसाठी आहे, जिथं धडक देणारी गाडी सापडत नाही. १९८९ पासून योजना होती, मेला तर २५ हजार आणि गंभीर जखमीला साडेबारा हजार असं कितीतरी वर्षं चाललं, मग १ एप्रिल २०२२ पासून नवीन योजना आली, मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार. पैशाचा फंड भरतात विमा कंपन्या, त्या तो काढतात थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यातून, म्हणजे तुम्ही-आम्ही स्कुटीचा विमा भरतो त्यातलाच. सरकारची खैरात नाही ही. हे एकदा डोक्यात घ्या म्हणजे कचेरीत गेल्यावर आवाज आपोआप बदलतो.

रस्ता कागदावर एकदम सरळ. अर्ज तहसीलदार किंवा प्रांतांकडं, त्यांना या योजनेत दावा चौकशी अधिकारी केलंय, त्यांनी महिन्याभरात चौकशी करून रिपोर्ट कलेक्टरला द्यायचा, कलेक्टरनं १५ दिवसांत मंजूर करायचं आणि मुंबईच्या जनरल इन्शुरन्स कौन्सिलनं पुढच्या १५ दिवसांत बँकेत पैसे टाकायचे. दोन महिने झाले बघा. वकील लागत नाही, कोर्ट नाही, तारीख नाही, चूक कुणाची हे पण सिद्ध करायचं नाही. फक्त अर्ज, एफआयआर, दवाखान्याचे कागद, आधार, पासबुक आणि एक हमीपत्र, की उद्या गाडी सापडून दुसरीकडनं भरपाई मिळाली तर हे पैसे परत करीन.

एवढी सोपी योजना असेल तर रांगा लागल्या असतील ना? सुप्रीम कोर्टाच्या त्याच आदेशात आकडे आहेत. २०२२ साली देशात ६७,३८७ हिट अँड रन अपघात. आणि २०२२-२३ या वर्षात आलेले अर्ज २०५. हजार नाही, लाख नाही, दोनशे पाच. त्यातले निकाली निघाले ९५. म्हणजे सव्वातीनशे अपघातांमागं जेमतेम एक माणूस कचेरीपर्यंत पोचला, आणि त्यातला पण निम्म्याच्या वर अडकून बसला. आमच्या जत्रेतल्या एखाद्या भजी स्टॉलवर दिवसाला यापेक्षा जास्त गिऱ्हाईक असतंय.

यावर सगळे एक ठरलेलं उत्तर देतात, जनजागृती नाही हो. बॅनर लावा, रेडिओवर सांगा. मला हे उत्तरच मान्य नाही. बॅनर लावून कुठल्या पाय मोडलेल्या माणसाला कलम १६१ कळणार आहे? त्याला कळायची गरजच काय? त्याचा पाय कोणी मोडला, कुठं मोडला, किती वाजता मोडला, गाडी सापडली नाही, हे सगळं सरकारला त्याच्याही आधी माहीत असतं कारण सरकारनंच ते लिहून घेतलंय. दवाखान्यानं एमएलसी केली म्हणजे पोलीस केस म्हणून नोंद केली, पोलिसांनी जबाब घेतला, पंचनामा केला, नकाशा काढला, एफआयआर नोंदवली. आणि गाडी नाही सापडली तर शेवटी तेच पोलीस "अ समरी" पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा आहे पण आरोपी मिळत नाही. अहो, याच्यापेक्षा मोठा पुरावा कुठला पाहिजे त्या फंडाला? शासनाचा एक हात लिहून देतो की घटना खरी आणि गाडी सापडत नाही, आणि दुसरा हात म्हणतो तू अर्ज कर, मी चौकशी करतो की घटना खरी का आणि गाडी सापडली का.

आता खरी गंमत बघा, गंमत कसली म्हणा. गाडी सापडली असेल तर काय होतं? २०१९ ला मोटार वाहन कायदा बदलला त्यात कलम १६६ चं पोटकलम ४ आहे, की पोलिसांनी पाठवलेला अपघाताचा रिपोर्टच क्लेम ट्रिब्युनलनं, म्हणजे अपघात भरपाईच्या कोर्टानं, भरपाईचा अर्ज समजायचा. जखमीनं वेगळा अर्ज केला नाही तरी. नियमांप्रमाणं पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत ट्रिब्युनलला द्यायचा असतो. म्हणजे ज्याला उडवणारा सापडलाय, ज्याच्याकडं नंबर आहे, विमा कंपनी आहे, मागं लागायला वकील आहे, त्याच्यासाठी पोलिसांचा कागद म्हणजेच अर्ज. आणि ज्याच्याकडं यातलं काहीच नाही त्यानं मात्र योजना शोधायची, फॉर्म शोधायचा, कचेरी शोधायची, आणि कुबडी घेऊन जिना चढायचा. हे उलटं नाही का? माझं म्हणणं सगळं मिळून एवढंच आहे, की पळून गेलेल्या गाडीच्या बाबतीत पण पोलिसांचा रिपोर्ट हाच अर्ज धरा. पीडितानं द्यायचं फक्त पासबुक.

अक्कांबरोबर पुढं काय झालं ते सांगतो, म्हणजे मी उगं तावातावानं बोलत नाहीये हे कळेल. मी योजनेतला फॉर्म काढून भरून दिला, त्या घेऊन गेल्या एका कचेरीत. नाव सांगत नाही, आणि ते महत्त्वाचं पण नाही. टेबलावरच्या माणसानं फॉर्म उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "गाडी नंबर?" अक्का म्हणाल्या, पळून गेली. तो म्हणाला, "मग असं कसं घेऊ मावशी? पोलीस स्टेशनातनं गाडी नंबर आणा आधी."

गाडी नंबर आणा! ज्या योजनेचा जन्मच गाडी नंबर नसल्यामुळं झालाय तिच्या अर्जाला गाडी नंबर पाहिजे. अक्का खरंच पोलीस स्टेशनला गेल्या हो. तिथं त्यांना सांगितलं तपास चालू आहे. मग परत माझ्याकडं.

दुसऱ्या वेळेला मी शटर अर्धं ओढून त्यांच्याबरोबर गेलो, योजनेची प्रिंट घेऊन, ती ओळ पिवळ्या मार्करनं रंगवलेली. त्या माणसानं वाचली, दोनदा वाचली. आणि त्याला वाईट म्हणायला माझी जीभ वळत नाही कारण तो जे बोलला ते खरं होतं, "माझ्या टेबलाला असला अर्ज पहिलाच आलाय साहेब, मला कुणी सांगितलं नाही." मग तो स्वतः उठून बारनिशीत, म्हणजे आवक-जावकच्या टेबलाला, घेऊन गेला, पोच मारून दिली. साहेब काय, झेरॉक्सवाल्याला साहेब म्हणाला, यावरनंच समजा कागदावर पिवळा मार्कर असला की काय होतंय.

पुढं त्रुटी निघाली. डिस्चार्ज कार्डावर "गंभीर दुखापत" असे शब्द नाहीत म्हणून. आता कायद्यात हाड मोडलं की ती गंभीर दुखापतच, पूर्वी पण होती आणि नवीन संहितेच्या कलम ११६ मध्ये पण आहे, दात पडला तरी गंभीर. आणि पोलिसांनी १२५ ब लावलंय त्याचा अर्थच निष्काळजीपणानं गंभीर दुखापत. तरी डॉक्टरचं वेगळं सर्टिफिकेट आणायला लावलं, ते डॉक्टर आठवड्यातनं दोनच दिवस भेटायचे, कधी ओपीडी कधी सुट्टी, त्यात महिना गेला. मग पासबुकवर अक्कांचं नाव आणि जखमी नवरा, म्हणून नवऱ्याचं खातं काढा, अंगठ्याचा ठसा मशीनला लागेना कारण मागावर काम करून रेषाच राहिल्या नाहीत... अशा गोष्टी. दोन महिन्यांचं काम नवव्या महिन्यात झालं. पैसे आले मात्र पूर्ण, मधे कुणी एक रुपया मागितला नाही, हे पण सांगायलाच पाहिजे.

सुप्रीम कोर्टाच्या आदेशात हा सगळा त्रास होऊ नये म्हणून काय काय सांगितलंय ते वाचलं की अजून चिडचिड होते. एफआयआरनंतर महिन्याभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर पोलीस स्टेशनच्या प्रमुखानं जखमीला किंवा वारसांना लेखी कळवायचं की तुम्हाला या योजनेत भरपाई मागता येते, आणि अर्ज कुणाकडं करायचा त्या अधिकाऱ्याचा पत्ता-ईमेल पण द्यायचा. रिपोर्ट त्या अधिकाऱ्याला पण पाठवायचा. रिपोर्ट मिळून महिना झाला आणि अर्ज नाही आला तर त्या अधिकाऱ्यानं विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, त्यांनी माणसाला गाठून अर्ज भरून घ्यायचा. वर जिल्ह्याला एक देखरेख समिती, दोन महिन्यांतनं एकदा तरी बसायची. म्हणजे तीन-तीन जाळ्या लावल्यात, एकीतनं निसटला तर दुसरीत अडकावा माणूस. अक्कांना ना पत्र आलं, ना फोन. तीन जाळ्यांतून आरपार जाऊन त्या कुठं अडकल्या तर माझ्या झेरॉक्स मशीनवर.

म्हणून मी म्हणतो पत्र पाठवा, कळवा, संपर्क साधा यानं भागणार नाही. कोर्टानं कायद्याच्या चौकटीत राहून होतं तेवढं केलं, पण शेवटी "अर्ज" ही पायरी तशीच ठेवली आणि सगळी गळती त्याच पायरीवर आहे.

रकमेचं पण बोलूया, कारण ५० हजारात काय होतंय हे अक्कांचा बचत गट सांगेल. दवाखान्याचं कर्ज फेडण्यातच गेले, नऊ महिन्यांचं व्याज वेगळं. त्याच कायद्यात कलम १६४ आहे, गाडी माहीत असली की चूक कुणाची हे न बघता मालक किंवा विमा कंपनीनं मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख द्यायचे. तेच हाड, तोच रॉड, तोच रस्ता. ड्रायव्हर थांबला तर अडीच लाख, पळाला तर पन्नास हजार. पळून जायची शिक्षा जखमीला! पळाला तो, आणि दोन लाख कापले ह्याचे. कोर्टानं केंद्र सरकारला ही रक्कम वेळोवेळी वाढवायचा विचार करा असं सांगितलंय, आणि त्यासाठी संसदेत जायची पण गरज नाही, कलमातच लिहिलंय की केंद्र सरकार जास्त रक्कम ठरवू शकतं.

यावर दुकानात एक ओळखीचे एजंट, विम्याचे, मला म्हणाले की रक्कम वाढवली तर खोटे क्लेम वाढतील, घरात बाथरूममध्ये पडलेला माणूस पण अज्ञात वाहन म्हणून येईल. मुद्दा अगदीच हवेतला नाही. पण आत्ता काय चाललंय? आत्ताचा खोटेपणा नेमका या फरकामुळंच होतो. गाडी पळून गेलेली असते, मग कुणीतरी शहाणा भेटतो, सांगतो पन्नास हजारात काय करतो, मी गाडी "लावून" देतो. ओळखीतला एखादा ट्रॅक्टर, विमा चालू असलेला, ड्रायव्हर तयार, साक्षीदार तयार, आणि महिन्यानं पुरवणी जबाबात अचानक नंबर आठवतो. उत्तर प्रदेशात असल्या बोगस क्लेमची चौकशी करायला २०१५ मध्ये हायकोर्टानं एसआयटी, म्हणजे खास तपास पथक, नेमायला लावली होती, पुढं सुप्रीम कोर्टानं पण त्यात लक्ष घातलं. म्हणजे फंडाची रक्कम कमी ठेवून विमा कंपन्यांचा पैसा वाचत नाही, तो दुसऱ्या दारानं जातो, आणि त्यात खरा पीडित खोटा साक्षीदार होऊन बसतो. दोन्हीकडं रक्कम सारखी करा, गाडी लावायचा धंदा निम्मा तिथंच बसेल. बाथरूममध्ये पडलेल्याला पकडायला एमएलसी आणि घटनास्थळाचा पंचनामा आहेच की, तो काय नुसता शोभेला करतात?

आणि न मागता द्यायची पद्धत आपल्याला जमतच नाही असं पण नाही. आमच्या जिल्ह्यातच आषाढीला बघा. २०२३ ला राज्य सरकारनं वारकऱ्यांसाठी विठ्ठल-रुक्मिणी विमा छत्र योजना आणली, वारीच्या ३० दिवसांसाठी प्रत्येक वारकऱ्याला संरक्षण, मृत्यूला ५ लाख. कुणाला हप्ता भरावा लागला नाही, नाव नोंदवावं लागलं नाही. चांगलंच केलं, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याच रस्त्यानं कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणारा माणूस, किंवा कुठलीच यात्रा नसताना रात्रपाळी करून सायकलनं घरी येणारा माणूस, त्याचा जीव २ लाखाचा आणि तो पण अर्ज केला तर. शेतकऱ्यांच्या अपघात विम्याचं तसंच, कंपन्या दावे नाकारत होत्या म्हणून २०२३ मध्ये राज्यानं कंपनी मधून काढली आणि गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना थेट सानुग्रह अनुदानाची केली. म्हणजे मधली पायरी काढता येते. ठरवलं तर येते.

आता २०२५ च्या मे महिन्यापासून रस्ते अपघातात कॅशलेस उपचार पण आलेत, पहिले सात दिवस, दीड लाखापर्यंत, पळून गेलेल्या गाडीच्या अपघाताला पण. अक्कांच्या नवऱ्याचा अपघात त्याच्या आधीचा, त्यांना काही उपयोग नाही, पण योजना लागली तर पुढच्यांचा दवाखान्याचा खर्च वाचेल. फंड तोच, आणि तिथं मात्र माणूस आधी बरा करायचा आणि कागद नंतर दवाखाना आणि पोलिसांनी आपसात बघायचे असं ठरवलंय. मग भरपाईलाच अर्जाचं सोवळं कशाला?

कायदा बदलेपर्यंत जिल्ह्यातच करता येण्यासारखं एक काम आहे आणि त्याला फार तर एक कागद लागेल. ती जी देखरेख समिती आहे तिनं दर दोन महिन्यांनी फक्त तीन आकडे कलेक्टर ऑफिसच्या बोर्डावर लावावेत, अज्ञात वाहनाच्या किती एफआयआर झाल्या, किती जणांना पत्र गेलं, किती जणांच्या खात्यात पैसे पडले. पहिला आणि तिसरा आकडा शेजारी-शेजारी दिसला की कुणाला भाषण द्यायची गरज पडणार नाही. मी माहितीच्या अधिकारात हेच तीन प्रश्न टाकलेत, दहा रुपयांचं तिकीट लावून. उत्तर आलं की कळवीन.

अक्का परवा परत आल्या होत्या. नवरा आता कुबडी टाकून चालतो पण मागावर उभं राहवत नाही, कांड्या भरायच्या कामाला लागलाय, पगार निम्मा. त्यांना एक अर्ज लिहून पाहिजे होता. सायकल पोलीस स्टेशनच्या आवारात मुद्देमाल म्हणून पडलीये, चाक वाकलेलं, हँडलला जेवणाच्या डब्याची पिशवी तशीच अडकवलेली. ती सोडवायची तर मालकी दाखवा म्हणाले. सायकलची पावती कुणाकडं असते सांगा? मी खाली लिहिलं, सायकलला नंबर नाही.